चार फूट

उज्जैन, मंगळवार, १८ नोव्हेंबर

माधव नगरच्या कुलकर्णीकाकांच्या घराचं रिपेअरिंगचं एस्टिमेट करायला गेले होते. खोल्या आतून मोजल्या, भिंतींची जाडी मिळवली, मग घर बाहेरून मोजलं. बाहेरून चार फूट जास्त! डोकंच फिरलं. इतकी चूक माझ्या हातून? मिस्त्रीनं पुन्हा टेप धरली. "मैडम, चार ही आ रहा है." तिसऱ्यांदाही चारच.

मधल्या भिंतीवर टकटक केलं, तर पोकळ आवाज. म्हणजे आत चार फुटांची जागा आहे. पण दार नाही, दार बुजवल्याची खूणही नाही.

काकू गेल्यापासून काका एकटेच राहतात. त्यांना विचारलं, तर चहा गाळता गाळता म्हणाले, "ती भिंत तोडायची नाही हं. बाकी काय ते कर."

मी निघाले तेव्हा मात्र काका फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "त्या भिंतीच्या आत एक पंखा धर बेटा. गर्मीत तिला फार त्रास होतो."

घरी येऊन एस्टिमेटमध्ये पंखा लिहिला. एक नग.

दाराचं त्यांनी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही.