दुसरा घोट

नाडगौडा सर,

१. नऊ जूनला आपण सयाजी चौगुले यांची गिळण्याची तपासणी केली. क्ष-किरणांखाली त्यांना बेरियमचं पाणी पाजलं.
२. पहिलाच घोट श्वासनलिकेत गेला. ते खोकलेसुद्धा नाहीत. तपासणी तिथेच थांबायला हवी होती.
३. तुम्ही म्हणालात, "व्हिडिओ क्लिप हलली, चित्र नीट आलं नाही. आणखी एक घोट दे."
४. तो मी दिला.
५. तिसऱ्या दिवशी त्यांना न्यूमोनिया झाला.

शिरोलीच्या फाउंड्रीत तीस वर्षं राबलेला तो माणूस आता नाकातल्या नळीवर आहे. त्यांच्या बायकोला, झुंबरबाईंना, तुम्ही सांगितलंत की घरच्यांनीच काहीतरी भरवलं असणार. मी शेजारीच उभी होते.

काल त्या जिन्यात भेटल्या. "मॅडम, येकच चमचा आंबील दिलती मी. लई मागत हुते. माझ्याच हातानं घात झाला की."

दाट आंबील चालेल, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

शनिवारी परिषदेत तुम्ही त्या दुसऱ्या घोटाची क्लिप लावलीत. "किती सुंदर दिसतंय बघा," म्हणालात आणि टाळ्या पडल्या. मला किळस वाटली. तुमची, आणि क्लिपच्या कडेला पेला धरलेल्या माझ्या हाताची. तिथे वाचलेल्या शोधनिबंधावर दुसरं नाव माझं आहे.

झुंबरबाईंना खरं तुम्ही सांगणार की मी सांगू, एवढंच विचारायचं आहे. आधीच्या दोन पत्रांतल्या तारखा उलटून गेल्या; ती पत्रं माझ्याच ड्रॉवरमध्ये आहेत.

कृपया शुक्रवार, चार जुलैपर्यंत उत्तर द्यावे.

सोनल मगदूम