दोन रेघा आणि शिक्का

सान्जो, १८ नोव्हेंबर

फुसाए,

सप्रेम नमस्कार. 'सप्रेम' खोडणार होतो, पण हात सवयीने लिहून गेला, राहू दे. इकडे थंडी पडली आहे. आई बरी आहे. तिने अंगणातल्या काकीच्या झाडाची फळं दिली आहेत, सोबत पाठवतो. मऊ झालेली गाळून आपल्या कोनात्सुला भरव. कडक राहतील ती तुझ्या आताच्या नवऱ्याला, मुरासे-सानना दे. त्यांचे दात चांगले आहेत, फोटोत दर वेळी दिसतात.

परवा हिशेब खात्यातल्या ओदागिरीबाईंनी मला भर कारखान्यात हाक मारली. "त्सुकादा-सान, तुमची लेक दोन बापांच्या नावावर आहे हो. करखात्याचं पत्र आलंय. त्यांना एका लेकराला एकच बाप चालतो." शेजारी कात्र्यांना धार लावणं चाललं होतं, तेही थांबलं.

मी खर्चाला पैसे पाठवतो म्हणून अपंग लेकीची करसवलत मी घेत होतो. ती मुरासे-सानच्या घरी राहते म्हणून त्यांनीही घेतली. मी म्हटलं, "बाप मी आहे."

"ते कोणी विचारलंच नाहीये. ती निजते कुणाच्या घरी? त्या घराला सवलतही जास्त. आणि तुम्ही 'एकत्र राहते' वर खूण कशी केलीत?"

"सवयीने."

"घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली ना? माझ्या नवऱ्याला माझी एवढी सवय असती तर मी धन्य झाले असते."

मग तू फोनवर म्हणालीस, "नाव त्यांच्याकडे राहू दे. करात वाचेल त्यात गाडीला चाकांची खुर्ची चढवायची सोय करता येईल. हट्ट कशाला करतोस?" हट्ट नव्हता तो. जळत होतो मी. मुरासे-सान लेकीला उचलतात, न्हाऊ घालतात, वर कंबरदुखीची तक्रारही करत नाहीत. निदान वाईट तरी वागावं माणसाने, मला बरं वाटलं असतं.

गेल्या रविवारी तिला बागेत घेऊन गेलो होतो ना, तेव्हाचं तुला सांगितलं नाही. तिला बोलता येत नाही, पण मी आलो की ती 'ऊ' करते, हे तुला माहीत आहे. ते 'ऊ' माझं होतं. त्या दिवशीही मला मिळालं. पण निघायच्या वेळी रस्त्यावर त्यांच्या गाडीचा आवाज आला, आणि तिने मान वळवून पुन्हा 'ऊ' केलं. तेच, तेवढंच लांब. मी तिच्या टोपीचे बंद बांधत होतो. ते मी सोडून पुन्हा बांधले, म्हणजे तिला न्यायला थोडा उशीर होईल.

काल अर्ज दुरुस्त केला. कोनात्सुच्या नावावर दोन रेघा मारल्या आणि वर रीतीप्रमाणे माझा शिक्का उमटवला. शिक्का माझ्या आडनावाचा, आणि तिचं आडनावही अजून तेच. ओदागिरीबाई म्हणाल्या, "एवढा जोरात कशाला दाबता, मागच्या कागदावर उमटलाय." मग चहा आणून दिला.

आता एक मागणं. मुरासे-सानच्या अर्जात नात्याचा रकाना असेल. तिथे 'बायकोची मुलगी' लिहिलं तरी सवलत तेवढीच मिळते, मी बाईंना विचारून घेतलंय. त्यांना म्हणावं, तेवढंच लिहा. नुसतं 'मुलगी' लिहू नका.

हे लिहून झोपलो. सकाळी उठून पुन्हा वाचलं. त्यांनी आधीच 'मुलगी' लिहिलं असेल तर खोडायला लावू नकोस. तिच्या नावाच्या आसपास आता आणखी रेघा नकोत. गाडीला ती सोय झाली की मला कळव. आत कशी बसते ते एकदा पाहायचं आहे.

लोभ कोनात्सुवर असू द्या, दोघांचाही.

तिचा बाबा,
वेगळा राहणारा