हरेल त्या घरानं रांधायचं

॥ श्री ॥

वर्धा,
ता. ४ जानेवारी १९५५

सौ. आनंदाबाई यांस,

कौशल्येचा वर्ध्याहून नमस्कार आणि आशीर्वाद, दोन्ही. (नात्यानं मी तुमची थोरली मावसजाऊ, वयानं तुम्ही मोठ्या. तेव्हा जे लागू पडेल ते ठेवून घ्यावं, उरलेलं घरातल्या लहानांना वाटावं.) तुमच्या आईंच्या पायाचं प्लास्टर निघालं का? ओसरीवरून पडल्याचं कळलं तेव्हापासून मारुतीला एक प्रदक्षिणा त्यांच्या नावानं जास्त घालते आहे. प्लास्टर निघाल्यावर पाय एकदम टेकू देऊ नका, आणि शेजारपाजारचे लोक सांगतील ते सगळे लेप लावू नका. आमच्याकडे सर्व खुशाल. मंदाबाईला सर्दी आहे, पण ती सर्दी नागपूरची आहे, म्हणजे तुमच्याच घरची. त्याबद्दल पुढं येईलच.

तुम्ही अचलपुरास माहेरी असल्यामुळं यंदाच्या नाताळच्या सुटीत नव्हता. घरी परतलात की प्रभाकरभाऊजी तुम्हाला त्यांच्या परीनं सगळं सांगतील. ते सचिवालयातले, त्यांच्या सांगण्याला मुद्दे असतात. म्हणून आधी माझ्या बाजूनं लिहून ठेवते. आंतर्देशीय पत्र घेतलं आहे. अक्षर बारीक काढते, कडा रिकाम्या ठेवत नाही.

आपल्या दोन घरांची रीत तुम्हाला नव्यानं सांगायला नको, पण मी लिहायला बसले की मला मुळापासूनच लिहावं लागतं. दर नाताळात वर्ध्याच्या आणि नागपूरच्या घरानं मिळून सुटी घालवायची, तिथं दोन घरांत आट्यापाट्यांचा सामना खेळायचा, आणि जे घर हरेल त्या घरच्या बायकांनी पुढच्या वर्षीच्या सुटीत सगळ्यांचं रांधायचं. ही रीत कुणी पाडली ते कुणालाच सांगता येत नाही. ज्यानं पाडली त्याला कणीक भिजवण्याचा अनुभव नसावा. खेळतात पुरुष, हरतात पुरुष, आणि चुलीपुढं बसतो मी आणि माझी धाकटी जाऊ मंदाबाई. लागोपाठ चार वर्षं. रामटेक मी पाहिलं आहे, पण धुरातून. भेडाघाटचा धबधबा मी ऐकला आहे. चिखलदऱ्याला गेलो होतो असं मुलं म्हणतात, तेव्हा गेलोच असू. मला तिथलं ओलं लाकूड तेवढं आठवतं. तुम्ही या तिन्ही ठिकाणी सतरंजीवर बसून सामने पाहिलेत, तेव्हा ही ठिकाणं कशी आहेत ते कधी सवडीनं सांगा. हे म्हणतात की सुटीचा खर्च जमाखर्चात 'करमणूक' या सदरात लिहावा. मी तो 'सरपण' मध्ये लिहिते.

यंदा डोमाजीमामांच्या गुडघ्यांमुळं (दोन्ही घरांचे मामा आणि पंच तेच, त्यांच्याशिवाय सामना होत नाही) लांब जायचं नाही, नागपुरात तुमच्याच घरी उतरायचं ठरलं. गेल्या वर्षी आम्हीच हरलेलो, म्हणून तुमच्या मागं तुमचं स्वयंपाकघर आमच्या ताब्यात आलं. परतल्यावर हिंगाची डबी सापडणार नाही. ती देवघराच्या खालच्या फळीवर आहे. तिथं कशी गेली ते मला ठाऊक नाही, मंदाबाईला आहे, पण ती सांगत नाही. मागच्या दाराची फट बुजवून घ्या. तिथून जो वारा येतो त्यानंच तिला सर्दी झाली.

आता मूळ गोष्ट. नागपूरचं ते मोठं चर्च, ज्याला कॅथेड्रल म्हणतात, ते मला शाळेत असल्यापासून पाहायचं होतं. टांग्यातून जाताना दर वेळी ते दिसे, आणि हे दर वेळी म्हणत, परतीला पाहू. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली. परती झाल्या. यंदा मात्र योग असा आला की सामन्याला नेहमीचं मैदान मिळालं नाही, आणि भाऊजींनी ओळखीनं मिळवलेली मोकळी जागा नेमकी त्या चर्चला लागून होती. सकाळी पाट्या आखून झाल्या, आणि मी आणि मंदाबाई जेवणाच्या टोपल्या घेऊन टांग्यानं तिथं पोचलो. सामन्याआधी जवळच्या देवाचं दर्शन दोन्ही संघांनी घ्यायचं हे आपल्याकडं ठरलेलं. जवळचा देव त्या दिवशी चर्चमधला होता. आपण हात जोडलेले तिथं चालतील का, अशी मंदाबाईला शंका आली. डोमाजीमामांनी पंच म्हणून निकाल दिला.

"देव का हात पाह्यते, कोनाचे हायेत ते? चला, चपला काढा."

तेव्हा पायऱ्यांवर दोन्ही घरांच्या चपला रांगेनं लागल्या आणि आम्ही आत गेलो.

आनंदाबाई, तुम्ही नागपुरात राहून ते आतून पाहिलं नसेल तर पाहा. छत इतकं उंच आहे की माणूस आपोआप हळू बोलतो. आमच्याकडचे पुरुष हळू बोलताना मी प्रथमच ऐकले. रंगीत काचांतून ऊन येतं आणि फरशीवर तांबडे-निळे डाग पडतात. मी ते चुकवून चालत होते, न जाणो पायाला लागतील. नाताळ नुकताच झालेला, म्हणून एका बाजूला गोठा मांडला होता. गवत, गाय, आई आणि मध्ये बाळ. माझे हात जोडले गेले, ते मला सांगावं लागलं नाही. पदराला खडीसाखर होती ती बाळापुढं ठेवली. तिथं झाडलोट करणारे श्रावण नावाचे गृहस्थ उभे होते. त्यांनी हरकत घेतली नाही. उलट खूष होऊन इतिहास सांगू लागले.

बाकीचे दर्शन घेऊन बाहेर गेले. मी राहिले, कारण मला खरंच ऐकायचं होतं. आणि भाऊजी राहिले, कारण दुसरा कुणी इतिहास सांगत असताना त्यांना निघून जाणं जमत नाही. (हे तुम्हाला मी सांगायला नको.) श्रावणचं म्हणणं, आधी इथं इंग्रज शिपायांपुरतं छोटं चर्च होतं, पुढं आगगाडी आली, साहेब वाढले, तसं हेही वाढलं. घंटेचा आवाज पूर्वी सीताबर्डीपर्यंत जाई. भाऊजींनी भुवया चढवल्या तेव्हा तो कामठीपर्यंत जाऊ लागला. मी "अगबाई" म्हटल्यावर भंडाऱ्यापर्यंत गेला. मी विचारलं, चर्च तर पुष्कळ असतात, मग यालाच कॅथेड्रल का? तेव्हा भाऊजींनी सांगितलं की बिशप म्हणून मोठा धर्माधिकारी असतो, त्याची खुर्ची जिथं ठेवतात ते कॅथेड्रल. म्हणजे इमारत लहान असली तरी चालते, खुर्ची पाहिजे. मला ते लगेच पटलं. यांच्या कचेरीतही तसंच आहे.

इतकं होईतो मी विचारलेले सगळे प्रश्न प्रामाणिक होते, हे लिहून ठेवते. मग बाहेर पहिली शिट्टी झाली. पहिली शिट्टी तयारीची, दुसरी सुरुवातीची. दुसऱ्या शिट्टीला जो गडी आपल्या पाटीवर नाही तो त्या डावात खेळायचा नाही, हा डोमाजीमामांचा नियम. भाऊजींनी दाराकडं मान वळवली. भाऊजी तुमच्या संघाचा सूर धरतात, म्हणजे मधल्या उभ्या पाटीवर धावत समोरच्यांची कोंडी करतात. ते तिथं असले की आमच्या घरचा माणूस पार होत नाही. चार वर्षं झालेला नाही. त्यांनी मान वळवली आणि मला पुढच्या नाताळातली परात दिसली, कणकेसकट. मी म्हटलं, पण भाऊजी, हे लहानाचं मोठं केलं तेव्हा जुनं पाडून बांधलं की जुन्यालाच जोडलं?

श्रावण म्हणाले, पाडलं. त्याच क्षणी भाऊजी म्हणाले, जोडलं.

"साहेब, मी इतकी वर्सं खांब पुसून राह्यलो. जोड असती तं फडक्याले नसती का लागली?"

"अहो, पुस्तकात आहे."

"मंग पुस्तकातच असन."

यानंतर भाऊजी जाणार कसे? ते या भिंतीला आणि श्रावण त्या भिंतीला, असे दोघं जोड शोधत निघाले. भाऊजी एका खांबापाशी गुडघ्यावर बसले, दगडाला नाक लागेल इतके वाकले. श्रावण समोरून म्हणत होते की पाहा, नाही ना सापडत. त्यांनाही त्यांच्या बाजूला पाडल्याची काही खूण सापडत नव्हती. अशात दुसरी शिट्टी झाली. मला ऐकू आली. मी काही बोलले नाही. देवाच्या ठिकाणी खोटं बोलू नये असं आहे, गप्प बसायला कुठं मनाई नाही.

म्हणजे हाही सामना मी पाहिला नाहीच. बाहेरचा गलका येत होता आणि भाऊजींच्या लक्षात आलं तेव्हा पहिला डाव संपत आला होता. मागाहून मंदाबाईनं सांगितलं ते असं. सूर रिकामा राहायला नको म्हणून तुमच्याकडून तुमचे जावई बाबाराव यांना तिथं उभं केलं. मुलगा चपळ आहे, पण संस्कार फार चांगले. समोरून आमच्या घरचे लोक धावत येत, ते सगळे त्याला सासऱ्याच्या मानाचे. हात लावून बाद करायचं तर सासऱ्यांच्या पाठीत धपाटा घालायचा की काय, असा त्याला पेच पडे. हे धावत आले तेव्हा त्यानं हात उचलला, पुन्हा खाली घेतला, आणि बाजूला होऊन "या" म्हणाला. हे गेले. जाऊन, सगळ्या पाट्या ओलांडून परतही आले. त्यांच्या मागोमाग इतरही आले. तुमचा संघ बाबारावांवर ओरडत होता, पण जावयावर ओरडायचं तेही 'जावईबापू' म्हणूनच, तेव्हा त्यात जोर येईना.

भाऊजी अनवाणी धावत आले आणि डोमाजीमामांकडं दाद मागितली की मी देवळातच होतो, कुठं विडी ओढत नव्हतो.

मामा म्हणाले, "शिट्टी वाजली तं वाजली. मानूस देवापाशी असो का न्हानीत."

दुसऱ्या डावात भाऊजी असे खेळले की आमच्या घरचा एकही पार झाला नाही. पण पहिल्या डावातलं देणं फिटेना. वर्ध्याचं घर जिंकलं. यांना खांद्यावर घेतलं. यांची समजूत अशी आहे की यंदा आपला वेग वाढला. ती मी तशीच राहू दिली आहे. आता रोज पहाटे पिपरीपर्यंत धावून येतात आणि आल्यावर दोन भाकऱ्या जास्त खातात. जिंकल्याचा शिरा रात्री झाला. तो मीच ढवळला, कारण यंदाच्या चुलीवर गेल्या वर्षीचे हरलेलेच होते.

मला वाटलं होतं, भाऊजी माझ्यावर रागावतील. जेवताना ते सगळ्यांसमोर म्हणाले, "दोन्ही घरांत जिज्ञासा आहे ती एका वहिनींना." आणि त्या इमारतीवरचं एक पुस्तक मला पाठवणार आहेत, त्यात जोड कुठं आहे ते असेल म्हणाले. मला थोडं वाईट वाटलं. वाढायचं होतं म्हणून फार वेळ वाटलं नाही.

असो. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि जावईबापूंना कुणी बोलू नये. असा जावई मिळायला भाग्य लागतं, विशेषतः समोरच्या घराला.

आपली,
कौशल्या

ता. क. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. पुढच्या नाताळात रांधायची पाळी तुमच्यावर आली आहे. चार वर्षं मी ही रीत बदलावी असं म्हणू शकले नाही, कारण हरलेल्यानं म्हटलं की ते रडगाणं होतं. आता मी जिंकलेल्या घरची आहे, म्हणून म्हणते. रीत अशी असावी की जो पाटीवर उभा राहील, हरल्यावर चुलीपुढंही तोच बसेल. बायकांनी सतरंजीवर बसावं, तुमच्याही आणि आमच्याही. पण माझ्या एकटीच्या म्हणण्यानं होणार नाही. ठराव मी मांडते, हरलेल्या घराकडून अनुमोदन तुमचं हवं. तुम्ही 'हो' एवढंच लिहून कळवा, म्हणजे मी डोमाजीमामांपुढं ठेवीन. त्यांनी एकदा शिट्टी वाजवली की मग कुणाचं चालत नाही, हे आपण पाहिलंच आहे.

ता. क. पुन्हा. वरचं लिहून पत्र चिकटवणार होते, तोच यांची भाकरी करायला उठावं लागलं. तव्यापाशी बसून विचार केला. तव्यावरची पोळी थेट आपल्या ताटात पडते, वर कुणी 'आणखी एक घ्या' म्हणतं, ती कशी लागते हे मला चार सुट्यांत कळलेलं नाही. तुमच्या हातची पोळी मऊ असते असं सगळे म्हणतात. तेव्हा रीत बदलायची आहे हे नक्की, पण एवढी घाई नाही. अनुमोदन यंदा न पाठवता पुढच्या नाताळानंतर पाठवलं तरी चालेल. एकादशी आली तर मला भगर लागते, आणि आमटीत तिखट बेतानं.