दुसऱ्या अल्बमला मिळालेल्या टाळ्या

शहादा, रविवार, संध्याकाळ

आज म्हसावदला पोरांचा दुसरा अल्बम पहिल्यांदा लोकांसमोर वाजला. लग्नांत गाजलेल्या तीन बँडमधले चार कसलेले वादक एकत्र येतात आणि अहिराणीत हार्ड रॉक करतात, याचा मला केवढा अभिमान! पहिल्या अल्बमवर लोक हळदीत नाचले होते. या वेळी नाचायचं एकही गाणं नाही. कामासाठी सुरतला गेलेल्यांची, रिकाम्या घरांची गाणी.

प्रास्ताविक माझं. प्रास्ताविक कसलं, भाषणच. एकेका गाण्याचा अर्थ आधीच फोडून सांगितला. टाळ्यांवर टाळ्या. मग गिटार कडाडली आणि सगळे हाताची घडी घालून बसले, वर्गात बसल्यासारखे. शेवटच्या गाण्यापर्यंत तीच घडी. मध्येच एकजण ओरडला, "भाऊ, आते हळदीनं गानं लावा ना!" सगळे हसले. पोरांनी ते वाजवलं नाही.

सामान गाडीत भरताना ड्रमर संजू म्हणाला, "दादा, लोकेस्ले तुमनं भाषणच आवडनं." टोमणा असता तर बरं झालं असतं. तो माझी समजूत काढत होता. चौघेही लग्नसराईला आपापल्या जुन्या बँडमध्ये परत जाणार आहेत. तिसरा अल्बम नाही.

लोकांना गाणी नकोच होती, की त्यांनी ऐकण्याआधीच मी ती संपवली? आयुष्यभर मानलं, समजावलं की माणूस ऐकतो. पण ती हाताची घडी... सुटली फक्त एकदा. आभार मानायला मी माईक घेतला तेव्हा.