रानदवणा

॥ श्री वेळणेश्वर प्रसन्न ॥
वेळणेश्वर, फाल्गुन वद्य ५, शके १८५२ (सन १९३१)

चि. लवूस गोदाक्काचे आशीर्वाद, वि. वि.

तुझे खुशालीचे पत्र पोचले. नव्या छत्रीची हकीकत पानभर, आणि देवाच्या दवण्याबद्दल अवाक्षर नाही. चैत्र शुद्ध चतुर्दशीला पिंडीवर पहिला दवणा आपल्या घरचा, हे छत्रीखाली आठवत असेल असे धरून चालते. दोन वर्षे तू आला नाहीस, म्हणून चुलत्यांच्या गंगारामने आपल्या घरच्या नावाने वाहिला. आता तो गावकीत म्हणतो, ज्या घरात दवणा वाहायला माणूस नाही त्या घराने मान कशाला अडवून ठेवावा. यंदा चुकलास तर मान त्याच्या घरी गेलाच. बाबांनी शेवटपर्यंत राखले ते एवढेच होते.

दवण्याची काळजी नको. पुळणीवर केवड्याच्या बनामागे वाळूत रानदवणा उगवतो, त्याच्याभोवती मी काट्यांची वई घातली आहे. तू फक्त हात घेऊन ये. तेवढे सामान बोटीत मावेल.

लोभ आहे. वाढवायचा की नाही ते तुझ्या येण्यावर.
गोदाक्का

मुंबई, गिरगाव, फाल्गुन वद्य १२

ती. गोदाक्काचे चरणी लवूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

रजा मिळत नाही. आमच्या साहेबाला चतुर्दशी कळत नाही आणि तुला साहेब कळत नाही, मी मधल्यामध्ये. पण अक्का, वाळूतल्या त्या पाल्याला दवणा म्हणू नकोस. गुरेसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत, आणि तू तो देवाच्या डोक्यावर घालणार. चार माणसांत हसे होईल. इथल्या फुलबाजारात खरा दवणा येतो. मी स्वतः नाकाला लावून, पारखून घेईन आणि गावी निघालेल्या सदूबरोबर बोटीने पाठवीन. गंगारामच्या हातून वाहिला तरी दवणा आपला, म्हणजे मान आपलाच. तू वाळूत राबू नकोस.

मुलाबाळांचा नमस्कार. रागावलीस तरी पत्र लिहावे.
तुझा लवू

वेळणेश्वर, चैत्र शुद्ध १५, शके १८५३

चि. लवूस आशीर्वाद, वि. वि.

तुझा पारखलेला दवणा पोचला. बोट उशिरा लागली म्हणून सदू जुडी घेऊन परस्पर देवळातच आला. सगळा गाव जमलेला. रामा गुरवाने ओले गोणपाट सोडले आणि गंगारामने नुसते नाक पुढे केले. तो मरवा होता. लवू, मरवा! दोन्ही एकाच गजऱ्यात असतात म्हणून एकच होत नाहीत. लहानपणी दवण्याच्या वासाने तुझे डोके दुखायचे, ते दुखणेसुद्धा मुंबईला विसरलास?

गंगाराम मोठ्याने म्हणाला, या घरात आता माणूस नाही आणि दवणाही नाही. मी तशीच पुळणीवर गेले, वई मोडली आणि ओंजळभर रानदवणा खुडून आणला. गंगाराम मागे सरला. असला पाला मी वाहणार नाही म्हणाला. मी ओंजळ गुरवापुढे धरली. त्याने पिंडीकडे पाहिले, माझ्या पांढऱ्या कपाळाकडे पाहिले, आणि म्हणाला, ज्याच्या हाती दवणा त्याने वाहावा. मग मीच वाहिला. गाभारा कडू वासाने भरून गेला आणि कोणीही हसले नाही.

तुझा मरवा आपल्याकडे कामाला येणाऱ्या काशीने आमटीत घातला. आमटी बिघडली.

इतकी चीड आली असूनही तुझी बहीण,
गोदाक्का

मुंबई, चैत्र वद्य ८

ती. अक्कास सा. नमस्कार, वि. वि.

दुकानदाराने फसवले. पण तू हे काय केलेस? गंगारामचे पत्र आले आहे. विधवेने पिंडीला हात लावला म्हणून गावात कुजबुज आहे म्हणतो. पुढल्या चैत्री काहीही करून मी येतो आणि माझ्या हाताने दवणा वाहतो, म्हणजे तोंडे बंद होतील. तोवर तू देवळाची पायरी चढू नकोस.

काळजीत असलेला,
लवू

वेळणेश्वर, चैत्र वद्य १४

चि. लवूस आशीर्वाद, वि. वि.

कुजबुज गंगारामच्या ओटीवर आहे, गावात नाही. गावातल्या बायका दवण्याची रोपे मागायला येतात. मोडलेली वई मी पुन्हा घातली आहे, आणि काल देवळात जाऊन आले.

पुढल्या चैत्री जरूर ये. देवळात माझ्या मागे उभा राहा. पुढे यायचे असेल तर आधी पुळणीवर चल. डोळे मिटून वास ओळखलास, की अर्धी ओंजळ तुझी.

छत्री आणू नकोस. चैत्रात इथे पाऊस नसतो, तेही विसरला असशील.
तुझी अक्का