आईला चुकलेलं पिल्लू

आत्याबाई, सासू म्हणून तुम्हाला मी कधी घाबरले नाही, पण गेल्या आठवड्यात समुद्राकाठी घाबरले. नात अमेरिकेत नोकरीला आहे, तिच्याकडे आलेय. "सांगोल्याच्या माणसाला पाणी दाखवते," म्हणाली आणि गाडीत घालून दोन दिवस समुद्राच्या कडेकडेनं मला फिरवलं. एका ठिकाणी वाळूत शेकड्यानं सील पडले होते. पाण्यातलं जनावर, पण विण्यासाठी काठावर येतं. मला तर मार्केट यार्डात भिजलेली पोती टाकल्यासारखे दिसले, वासही तसलाच. तिथली एक बाई इंग्रजीत माहिती सांगत होती, नात मला मराठीत सांगायची. पिल्लू अंगावर पितंय तोवर आई तोंडात काही घालत नाही म्हणे, नुसती झिजते. "तुझ्यासारखीच चिवट," नात म्हणाली. म्हटलं, "मला मिशा न्हाईत अजून."

तेवढ्यात एक काळं पिल्लू आईला चुकून हिंडताना दिसलं. एकीच्या पोटाशी गेलं, ती चावली. दुसरीकडे गेलं, तीही चावली. मग ते चिं चिं करत तिसरीकडे सरकायला लागलं. तो आवाज ऐकला आणि मी कठडा धरला.

बहात्तरचा दुष्काळ. पाझर तलावाचं काम चाललंय. खडीचे ढीग, आणि बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या सावलीत तुम्ही सगळ्यांची तान्ही पोरं राखत बसलाय. मी हातोडा टाकून माझ्या बाळाला पाजायला आलेय. शेजारच्या टोळीतली एक बाई तापानं पडलीय, तिची पोरगी तुमच्या मांडीवर आहे. तिला रडायचंही बळ नाही, चिं चिं करते. तुम्ही ती माझ्यापुढं धरता.

"घे गं. एक डाव पाज हिला."

"कुटनं पाजू? आटलंय."

"कवापास्नं?"

"रेशनची तांबडी मिलो ज्वारी खाऊन किती दिस टिकंल, आत्याबाई? माज्याच पोराला पुरंना."

खोटं बोलले. चोळी ओली झाली होती, म्हणून धुळीनं भरलेला पदर मी घट्ट ओढून घेतला. फार नव्हतं, पण होतं. माझं पहिलं गेलेलं तुम्ही पाहिलं होतं. दुसरं मला घालवायचं नव्हतं. कामावर मिळायची ती सुकडी तुम्ही पाण्यात कालवून फडक्याच्या बोळ्यानं पोरीला चोखवलीत. तिसऱ्या दिवशी ती गेली. बायका माझ्याकडं बघून कुजबुजायला लागल्या, तेव्हा तुम्ही, ज्यांनी माझ्या भाकरीलासुद्धा कधी बरं म्हटलं नाही त्या, सगळ्यांदेखत कडाडलात, "माज्या सुनंला दूध असतं तर तिनं पाजलं नसतं व्हय? गप बसा की गं भवान्यांनो!"

इकडं कठड्याशी नात हळहळत होती. "किती दुष्ट आहे ती आई!"

"दुष्ट कशाची? तिचं एक हाय की पदरात." जरा जोरातच बोलले. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. त्या दुष्काळात माझ्या अंगावर पीत होता तो तिचाच बाप. पण तेवढं सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. "चल, गार लागतंय," म्हणून गाडीत जाऊन बसले. पिल्लू शेवटी कुठं गेलं ते बघितलं नाही. मुद्दामच.

दुसरीपर्यंतच्या शाळेवर एवढं लिहिलंय, पण तुम्हाला तर तेवढंही वाचता येत नव्हतं. तुमच्या फोटोपुढं मोठ्यानं वाचायचं म्हटलं तर घरातलं कुणीतरी ऐकेल. सोलापूरला गेल्यावर कागद बंबात घालीन.

माफी मागत नाही. ती मागायची होती त्या पोरीची, तुमची नव्हे, आणि पुन्हा तशी वेळ आली तर मी काय करीन ते मला ठाऊक आहे. तुमचं दुसरंच आहे. त्या दिवसापासून तुम्ही तुमच्या वाटणीची सुकडी माझ्या ताटलीत ओतायला लागलात. "खा. दूध यील." उन्हाळाभर. तुमच्या गालाची हाडं वर आली. पुढं पाऊस झाला, पण नवी ज्वारी घरात यायच्या आत तुम्ही गेलात. खरं ओळखूनही देत होतात की खरंच माझ्यावर विश्वास ठेवला होता, ते कळायला आता मार्ग नाही. मी एकदाही नको म्हणाले नाही. आत्याबाई, ती सुकडी मला गोड लागायची.