बांधीत पाणी किती दिवस

१२ नोव्हें.
शेठजींनी नवं काम गळ्यात मारलं. आपला तांदूळ घेणाऱ्या कंपनीचा फॉर्म. राइस मिलपायी पृथ्वी तापवणारा वायू किती हवेत जातो, त्याचा हिशेब. तीन भाग: आपण जाळतो ते, आपण वापरतो ती वीज, आणि आपल्यासाठी दुसरे करतात ते, म्हणजे ट्रक नि धान. पहिले दोन दुपारपर्यंत उरकले. बॉयलरमधलं तूस वेगळ्या रकान्यात, बेरजेत धरायचं नाही म्हणे. चिमणीची काजळी रोज माझ्या शर्टावर, कागदावर मात्र मिल स्वच्छ.

१५ नोव्हें.
आंधळगाव, आमचंच गाव. प्रत्येक शेतकऱ्याला एकच प्रश्न: धानाच्या बांधीत पाणी किती दिवस उभं होतं? उभ्या पाण्याखालच्या चिखलातून वायू निघतो, म्हणून. कारण कुणाला सांगितलं नाही, उगाच फाटे फुटले असते. सगळ्यांनी छाती फुगवून उत्तरं दिली. बाबा तर चारचौघांत, "माह्या बांधीतलं पाणी एक दिवस तुटलं नाही. लिही."
लिहिलं.

२ डिसें.
कंपनीचं उत्तर. आंधळगावचा आकडा सगळ्यात मोठा, तिथलं धान घेऊ नका. शेठजी म्हणाले, दुसरीकडचं घेऊ. त्यांना काय. बाबांची पोती पडवीतच पडून.

३ डिसें.
आईला सांगितलं. तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "पोळ्यानंतर तलावाचं पाणी आपल्या बांधीपर्यंत आलंच नाही. तुह्या बाबानं कोणाले सांगू नाही देल्लं."
तहानलेलं धान भरडताना तुटतं, भाव पडतो. मिलवाल्यासमोर कोण कबूल करेल? आणि मी मिलचीच वही घेऊन गेलो. इतकी वर्षं धान घेतोय, एवढं कळू नये? लाज वाटते.

८ डिसें.
बाबांचा आकडा चुकला, असं कंपनीला कळवलं. म्हणतात, बांधी कोरडी होती असं शेतकऱ्याच्या सहीनं द्या, मग त्याचं धान चालेल. मुदत १५ तारखेपर्यंत. शेठजी म्हणाले, जरूर द्या, पण मग भाव तुकडा तांदळाचा लावू.

११ डिसें.
बाबांपुढे कागद ठेवला. या वेळी सगळं कारण सांगितलं. नीट ऐकलं त्यांनी.
"पाणी होतं म्हटलं त धान नाही घेत, नव्हतं म्हटलं त भाव पाडते. मंग तू कायले पुसून राहिला?"
बाबांनी सही केली नाही, कागद फाडलाही नाही. घडी घालून खिशात ठेवला.

१४ डिसें.
उद्या मुदत. बाबांच्या नावापुढे अजून जुनाच आकडा. सही मीच ठोकून दिली तर कोण बघणार आहे? सकाळपासून हेच डोक्यात, स्वतःचाच राग येतो.
आत्ता बाबांचा फोन. "सही नाही करत मी. पण भेगा पडल्या होत्या. येऊन पाहून घे."
कापणी झाल्यावर आता सगळ्यांच्याच बांध्यांना भेगा. त्यातून काही सिद्ध होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे. भेगा मोजायला टेप घेतली. निघतो.